नानांच्या पुढचे लाल दिवे

मी आठवीच्या मुलांना वीज शिकवतो. फळ्यावर बॅटरी, तार, बल्ब. माझ्या आकृतीतला बल्ब इतक्या वर्षांत एकदाही गेलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय मला नाही.

आमचं शेत साक्रीच्या बाजूला, राहणं धुळ्यात. दर रविवारी शेतावर चक्कर असते. बायको आणि मी आमच्या छोट्या गाडीतून, आणि थोरले भाऊ, ज्यांना घरीदारी सगळे नाना म्हणतात, ते वहिनींना मागे बसवून मोटारसायकलवर. गाडीत या म्हटलं तर नानांचं उत्तर ठरलेलं, "त्या डबामा बसाले मी काय लोणचं शे?"

नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी ऑपरेशनचं म्हटलं की नाना म्हणायचे कापूस निघू द्या, आणि कापूस निघाला की म्हणायचे हरभरा निघू द्या. परतताना हटकून तिन्हीसांज व्हायची. त्यावर तोडगा नानांनीच काढला होता. मी पुढे, ते मागे. "तू तुना लाल दिवा दखाडत चाल, मास्तर. माले रस्ता आपोआप दिसस." मागचा दिवा मंद असला की चालत राहायचं, भडकला की थांबायचं. घरात या युक्तीचं कौतुकच होतं. मीही आरशात त्यांचा एकुलता दिवा बघत, जत्रेत मूल सांभाळावं तसं त्यांना घरी आणायचो.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी उजवीकडचा मागचा दिवा लागेना. मेकॅनिककडे जायचं तर निघायला उशीर. म्हटलं, आपण कशाला शिकलो? बल्ब आणला. त्या बल्बच्या पोटात दोन तारा असतात, एक बारीक उजेडाची, गाडीचे दिवे लावले की पेटणारी, आणि एक मोठ्या उजेडाची, ब्रेकची. तो उलटा बसू नये म्हणून बुडाशी दोन खिट्ट्या असतात, एक वर, एक जराशी खाली. तो उलटा बसूच शकत नाही, असं सगळे म्हणतात. माझ्या हातून बसला. होल्डर गंजलेला होता, मी पक्कड घेतली आणि दाबला. इतका छान बसला की मला चेव आला. दिवे जोडीने बदलावेत म्हणून डावीकडचाही काढला आणि तस्साच दाबला.

मग परीक्षा. मी ब्रेक दाबला, बायको भर उन्हात मागे उभी.

"लागला?"

"लागला."

"दोन्ही?"

"दोन्ही. हात धुवा आता, पोळ्या गार होतायत."

लागला होता, खोटं नाही. पण ब्रेकवर बारीक तार लागली होती. म्हणजे संध्याकाळी दिवे लावले की मोठी तार सतत भडकलेली राहणार, आणि ब्रेक दाबला तरी मागच्या माणसाला काडीचा फरक दिसणार नाही. हे सगळं मला आज इतकं नीट सांगता येतं. त्या दिवशी मी पोळ्या खाल्ल्या.

शेतातून निघताना मी दिवे लावले आणि मागून नाना खूश. "आज तं दिवा लगीनघरना मायक पेटी ऱ्हायना!" लग्नघरासारखा. बायको म्हणाली, "चला, काहीतरी जमलं म्हणायचं." मी फुगलो.

पहिला अर्धा कोस नाना दूरदूर राहिले, सारखे हॉर्न मारत. एका वळणावर बरोबरीला येऊन ओरडले, "मास्तर, ब्रेकवरथून पाय उचल ना!"

"पाय नाहीच आहे नाना! नवे बल्ब आहेत, उजेड जास्त. तुम्ही या बिनधास्त."

त्या एका वाक्यात मी त्यांना शिकवलं, की लाल भडकलेलं दिसलं तरी थांबायचं नाही. माझं शिकवणं इतक्या लवकर आजवर कोणाला समजलं नव्हतं.

नाना जवळ आले. एका गतिरोधकावर मी हळू झालो, तर त्यांचा दिवा आरशातून थेट आमच्या सीटवर आला. बायको मागे वळली. "नाना फार चिकटलेत हो."

"प्रेम आहे," मी म्हणालो. ती हसली नाही. मलाही आरशातून नजर काढता येईना. मान अवघडली, पण का ते समजत नव्हतं.

सूर्य बुडाला होता. रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना काळी शेतं. समोरून ट्रक आला, त्याच्या उजेडाने डोळे दिपले, आणि तो जवळ आला तेव्हा दिसलं, माझ्यापुढे कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांनी लादलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रांगतेय. मागे दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही. मी ब्रेक दाबला. आरशातला दिवा मोठा झाला. अजून दाबला. दिवा अजून मोठा. नाना थांबत नव्हते. वहिनींची हाक ऐकू आली, "अहो! अहो!" मी ब्रेक सोडला आणि गाडी डावीकडे ढेकळांत घातली.

नाना माझ्या काचेला घासत गेले आणि पऱ्हाट्यांत शिरले.

ट्रॉली हळू होती, म्हणून निभावलं. नाहीतर हे लिहायला मी बसलो नसतो. मोटारसायकल उभीच राहिली. पुढचं चाक ट्रॉलीखाली, एका काटकीने नानांचा गाल उभा फाटलेला. वहिनी खाली उतरून केसांतल्या काड्या काढत होत्या. ट्रॅक्टरवाला आमच्यावरच ओरडला आणि गेला.

बायको न सांगता गाडीमागे जाऊन उभी राहिली. मी ब्रेक दाबला, सोडला, दाबला. "काहीच फरक पडत नाहीये," ती म्हणाली. तेव्हा कुठे आठवीचा धडा माझ्या डोक्यात शिरला.

मी नानांना सगळं सांगितलं. पक्कड, खिट्ट्या, उलटे बल्ब. म्हटलं, चूक माझी आहे, तुमच्या डोळ्यांची नाही. वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

गालावर रुमाल धरून ते हळूच म्हणाले, "ट्रॉली व्हती का तठे? माले वाटनं, रस्ताच काळा शे." मग म्हणाले, "तुनी गाडी बी माले दिसत नही रे. वरीस व्हयी गये. नुसता दिवा दिसस."

वहिनींनी ते ऐकलं. त्यांनी मोटारसायकलची किल्ली काढून पदराला बांधली आणि म्हणाल्या, "आठेच ऱ्हाऊ द्या ही." जवळच्या खळ्यावरच्या माणसाने मोटारसायकल आत घेतली.

नाना त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या गाडीत बसले, मागे, कांद्याच्या गोणीला टेकून. हायवेला लागलो तसे मागून ट्रक येऊ लागले. मी ब्रेक दाबला तर त्यांतल्या एकालाही कळणार नव्हतं, हे आता गाडीतल्या चौघांनाही ठाऊक होतं. मी कडेकडेने, चारही दिवे लुकलुकते ठेवून, पाय ब्रेकपासून दूर धरून चालवत होतो. दर थोड्या वेळाने गाडी उजेडाने भरायची, नानांचा गाल आरशात पांढरा व्हायचा आणि ते विचारायचे, "मांगला ट्रक कितला दूर शे?"

"भलता दूर शे," वहिनी म्हणायच्या.

मी आरशात बघत होतो. तो दूर नव्हता.