सरळ केलेल्या तारा

वायपर लावला की गाडीतले सगळे इशारादिवे पेटायचे. इंजिन, ब्रेक, एअरबॅग, सगळंच बिघडल्याची बोंब! तीन गॅरेजं झाली, दोन सेन्सर बदलले, डोकं उठलं नुसतं.

शेवटी बशीर मिस्त्रींनी डॅशबोर्ड खोलला आणि कपाळाला हात लावला. "अहो साहेब, म्युझिक सिस्टिम बसवणाऱ्याने या दोन तारांचा पीळ काढून टाकलाय. काम नीटनेटकं दिसावं म्हणून!"

गाडीतले निरोप नेणाऱ्या या तारा मुद्दाम एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. त्यामुळे वायपरच्या मोटरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो. निरोप वाचला जातो तो दोघींमधल्या फरकातून, म्हणून गोंगाट आपोआप निघून जातो.

मिस्त्री बोटांनी पुन्हा पीळ घालत होते आणि मला धाकटा भाऊ आठवला. रोजचा एकत्र चहा आणि रोजची वादावादी. कटकट नको म्हणून गेल्या वर्षी मीच तो चहा बंद केला. तेव्हापासून कुणीही नातेवाईक काहीही बोलला की आम्ही दोघं पेटतो.

"आता कुणाला हात लावू देऊ नका याला," मिस्त्री म्हणाले.

कुणाला कशाला? घरच्या तारा मी स्वतःच सरळ केल्या होत्या.