हायस्कूलची ट्रॅप टीम काढावी म्हटलं, तर…

माझ्या गाडीच्या डिकीत रिकामी काडतुसं घरंगळत असतात. कितीही वेळा व्हॅक्यूम करा, कुठल्या तरी फटीतून दोन निघतातच. आमच्या ट्रॅप टीमचे किस्से अगदी तसेच. इथे अमेरिकेत, आमच्या ईडन प्रेरी गावात, कुणाकडे आपापला डबा घेऊन पॉटलकला जावं, प्लेट हातात घ्यावी आणि कुणीतरी सहज विचारावं, "तुमची लेक मुक्ता हायस्कूलमध्ये काय खेळायची हो?" की झालं! शिरीष, म्हणजे माझा नवरा, लगेच म्हणतो, "हिला नका विचारू, हिचं बीपी वाढतं."

वाढतंच! सात वर्षं भांडले आहे मी लोकांशी. तुम्ही खुशाल हसा, पण मला अजून राग येतो, हे आधीच सांगून ठेवते.

ट्रॅप म्हणजे काय ते एकदाच सांगते. मैदानात एक बुटकं खोपटं असतं, त्यात मशीन. मागे पाच जण ओळीत उभे. आपली पाळी आली की "पुल!" असं ओरडायचं. मशीन एक नारिंगी मातीची बशी लांब भिरकावतं. ती हवेत असतानाच शॉटगनने फोडायची. अशा पंचवीस बशांचा एक राउंड. बस, एवढंच!

आमची मुक्ता नववीत होती. व्हॉलीबॉलच्या टीममधून कमी उंचीपायी बाहेर पडली होती आणि घरात तोंड पाडून बसायची. एक दिवस कागद घेऊन आली. "आई, साइन धिस." मी वाचलं आणि सरळ नाही म्हणाले. नागपूरला आमच्याकडे दिवाळीत टिकल्यांची बंदूकसुद्धा चालायची नाही, आणि इथे ही खरी मागतेय!

मग कागदावर ज्याचं नाव होतं त्या कोचला चार शब्द सुनवायला म्हणून मी नेमबाजीच्या रेंजवर गेले. कोच म्हणजे वॉल्ट. शाळेत तीस वर्षं सुतारकाम शिकवून रिटायर झालेले, सत्तरीला टेकलेले, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारे. मी पोचले तेव्हा एका मुलाने मित्राशी बोलायला, बंदूक हातात असताना, नुसतं अंग वळवलं. वॉल्टनी शांतपणे त्याची बंदूक काढून घेतली. "बाकावर बस."

"किती वेळ, कोच?"

"तीन आठवडे."

मी तिथेच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

*

आता शाळेची परवानगी. अर्जात एक रकाना होता, 'शाळेच्या इमारतीत ठेवायचं साहित्य'. वॉल्टनी लिहिलं, 'काही नाही'. कारण बंदुका पालकांच्या घरी, कुलपात. शाळेत त्यातलं काहीच येणार नव्हतं.

अर्ज परत आला. रकाना रिकामा चालणार नाही.

वॉल्टनी पुन्हा लिहिलं, 'शाळेत काहीही ठेवायचं नाही'. पुन्हा परत! तिसरा अर्ज घेऊन मी स्वतः ऑफिसात गेले. काउंटरवरची बाई गोड हसून म्हणाली, "साहित्य नाही, तर तो खेळ कसा?"

"अहो, शाळेत बंदुका ठेवत नाही, याचा तुम्हाला आनंद व्हायला हवा!"

"आय अंडरस्टँड. पण रकाना भरा."

मी तणतणत घरी आले. वॉल्टनी चौथ्यांदा लिहिलं, 'कानात घालायचे बोळे, एक डबा'.

दुसऱ्या दिवशी मंजूर!

*

मंजूर म्हणजे 'क्लब' म्हणून हं, टीम म्हणून नाही. टीमला बस मिळते, जॅकेट मिळतं, सोमवारी माइकवरून निकाल सांगतात. क्लबला यातलं काही नाही. तरी इयरबुकात, म्हणजे शाळेच्या वार्षिक फोटोंच्या पुस्तकात, फोटो मिळणार होता. पाच मुलांचा क्लब, पहिलं वर्ष, मुलं खूश!

फोटोच्या आदल्या दिवशी निरोप आला. हातात बंदूक नको. बरं, नको. हॉकीवाले स्टिका घेऊन उभे राहणार, बँडवाले ट्रम्पेट घेऊन, आणि आमच्या मुलांनी काय हात चोळत उभं राहायचं? वॉल्ट म्हणाले, "बशा धरा." पाचही जणांनी छातीशी एकेक नारिंगी बशी धरली. फोटो सुरेख आला.

मे महिन्यात इयरबुक हातात पडलं. मुक्ता पान उघडून नुसती बघत राहिली. फोटोखाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'पॉटरी क्लब'.

मी फोन केला. इयरबुकच्या शिक्षिका म्हणाल्या, "ओह नो! पण बशा फार छान आहेत, मुलांनी स्वतः केल्यात का?"

*

शाळेचं सोडा, आपली माणसं काय कमी आहेत? इथल्या मराठी मंडळाच्या कुलकर्णी काकू, सगळ्यांच्या लाडक्या, माझ्याही. दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांनी मुक्ताला जवळ घेतलं. "काय गं, काल म्हणे मॅच होती?"

मुक्ता आनंदाने म्हणाली, "येस, काकू! आय गॉट ट्वेंटी-टू बर्ड्स!"

त्या बशांना 'बर्ड' म्हणतात सगळे. जुना शब्द आहे. पण काकूंच्या हातातली चकली तशीच राहिली. "बावीस पक्षी? एका दिवसात?"

मी धावत गेले. "काकू, मातीचे असतात हो!"

"ती बर्ड म्हणाली, मी ऐकलं."

"म्हणतात तसं, पण मातीची बशी असते."

"मग बशी म्हणा ना! आणि तू आई आहेस तिची, वैशाली. तू बघत बसतेस?"

घरी पोचले तर फोन वाजत होता. नागपूरहून सासूबाई. तिकडे सकाळ झाली होती आणि बावीसचे चाळीस झाले होते, त्यात एक मोर!

*

हा पुढचा किस्सा मी पार्टीत सांगत नाही. पण तो सोडून बाकीचे सांगणं खोटेपणाचं होईल.

ते साल दोन हजार एक, आणि तो सप्टेंबर कसा गेला ते तुम्हाला माहीत आहे. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी प्रॅक्टिस संपली. शिरीष मुक्ताची बंदूक पेटीत बंद करून गाडीकडे निघाला. रेंजच्या पार्किंग लॉटमध्ये तेव्हा वीसेक बाप्ये होते, आणि प्रत्येकाच्या हातात तसलीच पेटी. पोलिसांची गाडी आली आणि बरोबर आमच्यापाशी थांबली. कुणीतरी फोन केला होता. एक माणूस बंदूक घेऊन फिरतोय म्हणे!

बंदुकांच्या रेंजवर!

"सर, पेटी खाली ठेवा. हात दिसू देत."

शिरीषने पेटी खाली ठेवली. हात वर केले. अकरा वर्षं या देशात राहिलेला, ऑफिसात सगळ्यांच्या वाढदिवसाला केक आणणारा माझा नवरा, मुलीच्या मित्रांसमोर हात वर करून उभा होता. मुक्ता "दॅट्स माय डॅड!" असं ओरडत होती. मी तिचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

वॉल्ट क्लबहाउसमधून आले. त्यांच्या हातावर त्यांची स्वतःची बंदूक होती, नळी उघडलेली. ते त्या पोलिसासमोर जाऊन उभे राहिले.

"माझ्याकडे पण आहे. मला नाही विचारलंस."

"तुम्हाला मी ओळखतो, मिस्टर वॉल्ट. तुम्ही मला स्टूल करायला शिकवलंत."

"मग यांची ओळख करून घे."

पोलिसाचे कान लाल झाले. लायसन्स बघितलं, सॉरी म्हणाला, गेला. फोन कुणी केला ते कधीच कळलं नाही. त्या वीस जणांपैकीच कुणीतरी असणार, आणि पुढच्या शनिवारी त्यानेही आम्हाला गुड मॉर्निंग घातलं असणार.

शिरीष त्यानंतर गाडीतून उतरेना. मुक्ताला सोडायचा आणि काचा वर करून पेपर वाचत बसायचा. वॉल्ट दर शनिवारी काचेवर टकटक करून कॉफीचा कप आत द्यायचे. हिवाळाभर रेंज बंद होती. एप्रिलमध्ये पुन्हा तेच. मग एका शनिवारी कॉफीबरोबर त्यांनी क्लिपबोर्ड आत दिला.

"स्कोअर लिहायला माणूस नाही."

शिरीष उतरला.

*

आणि उतरला तो असा उतरला की मला वाटलं, गाडीतच बरा होता!

स्कोअर लिहिणाऱ्याचं काम सोपं असतं. बशी फुटली तर खूण, नाही फुटली तर "लॉस्ट!" असं ओरडायचं. नियम असा की एक तरी तुकडा डोळ्यांना दिसला पाहिजे. नुसती धूळ उडाली तर धरत नाहीत.

मुक्ता अकरावीत होती. सीझनची शेवटची मॅच. चोवीस फुटल्या होत्या, पंचविसावी बाकी. तिने "पुल!" म्हटलं, बार काढला, बशीतून नारिंगी धुळीचा ढग उडाला. आम्ही सगळे उड्या मारायच्या बेतात.

मागून आवाज आला. "लॉस्ट!"

सख्ख्या बापाचा! पहिला नंबर त्या एका बशीने गेला.

घरी येताना मी गाडीत जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. "समोरच्या टीमचा कोचसुद्धा फुटली म्हणत होता, शिरीष! तो म्हणत होता!"

शिरीष समोर बघून गाडी चालवत होता. तो सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, हे सांगायचं राहिलं. तो म्हणाला, "तुकडा दिसला नाही. पुरावा नसताना मी काही पास करत नाही."

मी मागे वळून मुक्ताकडे पाहिलं. आता ही तरी रडेल, भांडेल! तर ती म्हणाली, "इट वॉज डस्ट, आई. ही इज राइट." आणि हेडफोन लावून झोपली.

बाप-लेक दोघंही सारखेच! त्या दिवशी आमच्याकडे स्वयंपाक झाला नाही. मी केला नाही.

*

तोवर पाचाची चाळीस मुलं झाली होती. त्यांतल्या चौदा मुली. मुक्ताला नवी बंदूक घ्यायची होती, कारण मोठ्या माणसाच्या मापाचा दस्ता तिच्या खांद्यात रुतायचा. दुकानात शिरलो. विक्रेता शिरीषला म्हणाला, "मुलासाठी?"

"मुलीसाठी. ही काय, समोर उभी आहे."

"ओह!" त्याने आतून मोठ्या कौतुकाने एक बंदूक आणली. गुलाबी!

मुक्ताने ती खांद्याला लावून पाहिली. "धिस इज द सेम लेंथ."

"हो, पण लेडीज मॉडेल आहे."

"व्हॉट मेक्स इट लेडीज?"

तो बिचारा खूप विचार करून म्हणाला, "कलर."

शेवटी वॉल्टनी त्यांच्या गॅरेजमध्ये जुन्याच बंदुकीचा दस्ता करवतीने कापून दिला. वीस मिनिटं लागली.

*

मुक्ता कॉलेजला गेली. लोकांना वाटलं, आता माझं रेंजचं वेड सुटेल. पण शेजारच्या गावातली बारा मुलं दर मंगळवारी आमच्यात पाहुणी म्हणून येऊ लागली होती, कारण त्यांच्या शाळेत टीम नव्हती. पाहुण्यांचा स्कोअर लीगमध्ये धरत नाहीत. त्यांतली ॲना नावाची मुलगी एकदा चोवीस फोडून गेली आणि कागदावर तिच्या नावापुढे काही नाही! तिने टीमसाठी सह्या गोळा केल्या, दोनदा तिच्या शाळेच्या प्रिन्सिपलबाईंकडे गेली. दोन्ही वेळा उत्तर एकच, "सेफ्टी."

तिसऱ्यांदा मी गेले. नियम, फोटो, आमच्या सहा वर्षांच्या नोंदी, ज्यांत कुणाचं बोटसुद्धा कापलेलं नाही, असं सगळं फाइल करून नेलं. बाईंनी फाइल उघडलीही नाही. म्हणाल्या, "मुलांच्या हातात बंदूक, ही कल्पनाच मला सहन होत नाही."

मी वॉल्टना म्हटलं, "आता काय लिहून देऊ?"

"लिहू नकोस. बोलाव."

एप्रिलमधल्या शनिवारी बाई आल्या. पांढरा कोट, उंच टाचा. "मी फक्त बघणार आहे," असं दोनदा सांगून लांब उभ्या राहिल्या. एक राउंड पाहिला. मग थोड्या पुढे आल्या. दुसरा पाहिला. मग हळूच वॉल्टना विचारलं, "फार जड असते का?"

वॉल्टनी त्यांना चष्मा दिला, कानाला बोळे दिले, कसं उभं राहायचं ते दाखवलं. पहिली बशी गेली. दुसरी गेली. सहा गेल्या. सातवी हवेत फुटून तिचे चार तुकडे झाले, आणि बाई अशा किंचाळल्या की आम्हाला वाटलं काही लागलं! बंदूक ठेवून त्यांनी वॉल्टना मिठीच मारली. वॉल्ट खांबासारखे उभे. मग आणखी एक राउंड. मग आणखी एक. कोट कधीच बाकावर गेला होता, टाचांचे बूट गवतात.

जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "वैशाली, कित्येक वर्षांत मला इतकं जिवंत वाटलं नव्हतं!" ॲना माझ्या कानात म्हणाली, "मिळाली ना आपल्याला टीम?" मी म्हटलं, "मिळाली, बाळा."

पुढच्या आठवड्यात बाईंचं पत्र आलं. सर्व बाजूंनी विचार करता हा उपक्रम विद्यार्थ्यांसाठी योग्य वाटत नाही.

ॲनाने ते पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "आय ॲम अ सीनियर." म्हणजे तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष संपलंच होतं. मी वॉल्टपुढे जे नाही ते बोलले. ते ऐकत राहिले. त्यांनी कानातलं मशीन बंद केलं होतं की काय, देव जाणे.

मे महिन्यात एका गुरुवारी दुपारी मी काही फॉर्म द्यायला रेंजवर गेले. चौथ्या जागेवर एक बाई उभी होती. नवं कोरं जाकीट, स्वतःची बंदूक, केस मागे घट्ट बांधलेले. "पुल!" आणि बशीचा चुरा. "पुल!" आणि चुरा. राउंड संपेपर्यंत मी मागे उभी राहिले.

बाईंनी कानातले बोळे काढले, वळून मला पाहिलं आणि लाजणं सोडाच, चेहरा उजळला त्यांचा. "वैशाली! एकोणीस!"

"अभिनंदन," मी म्हटलं.

बाई जवळ आल्या. इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

"मुलं कुठल्या वारी येतात गं? मी त्या दिवशी येणार नाही. त्यांनी मला इथे पाहिलं तर पुन्हा मागे लागतील."