डांबराखालचं झाकण
ताज्या डांबराचा वास आला की मला सौदीतलं तबूक आठवतं. तिथे मी रस्त्याच्या कामावर होतो. एकदा दुसऱ्या दिवशी मोठे साहेब नवा रस्ता बघायला येणार होते, म्हणून आमच्या मॅनेजरने गटाराच्या झाकणांवरूनच डांबर टाकायला लावलं. झाकणं आधी रस्त्याच्या पातळीला उचलून घेऊ, असं मी म्हटलं, तर म्हणाला, "नंतर बघू. यल्ला, चला, आटपा." साहेब आले, गुळगुळीत रस्त्यावर फोटो काढून गेले. आठवड्याने गटार तुंबलं आणि झाकण नेमकं कुठे गाडलंय ते कुणालाच सापडेना. भर उन्हात आम्ही आमचाच रस्ता फोडत बसलो. आमचा इराकचा कुर्दी फोरमन घाम पुसत म्हणाला, "एर्बिलला माझ्या घरासमोरही असाच विकास झालाय." काल आमच्या नाशिकच्या गल्लीत डांबर पडलं. शेजारी खूश आहेत. मी सकाळपासून काठीने ठोकत झाकण शोधतोय.