चौघांपैकी विश्वास कोणाचा

मरायला टेकलेल्या माणसालाही शुभवर्तमानाचा अर्थ सांगत बसेल असा माणूस अख्ख्या सातपुड्यात एकच, आणि माझी झोळी नेमकी त्याच्याच खांद्यावर होती. पहाटे चुलीसाठी लाकडं ओढताना मण्यार हाताला चावली. पापण्या मिटायला लागल्या होत्या, जीभ जड झाली होती. रस्ता नाल्यापाशी वाहून गेलेला, म्हणून जीप खाली उभी. बांबूला घोंगडी बांधून चौघं मला उतारावरून नेत होते, आणि ऐन कड्यावर हा थांबून म्हणतो, "मावशी, डोया उघड. येशूनी कोनना विश्वास देखा, सांग बरं!"

हा म्हणजे आमच्या आश्रमशाळेचा चौकीदार. मी तिथे स्वयंपाकीण. तो रात्री शाळा राखायचा आणि रविवारी महूच्या झाडाखाली प्रार्थना घ्यायचा. त्याचा सगळा जीव एकाच गोष्टीत, खरा विश्वास कोणता. एकदा माझ्या डब्यातली मोहरी तळहातावर घेऊन म्हणाला, "मावशी, एवढासा विश्वास जरी ऱ्हायना ना, ते डोंगर हालस." मी म्हटलं, "पहिले हाई पिठनी गोणी हालाव." त्याने ती कोपऱ्यातून चुलीपर्यंत ओढत आणली आणि मोहरी परत डब्यात टाकली. एरवी त्याला काम सांगायची सोयच नव्हती. झाडू दिला तर झाडूवरून अर्थ निघायचा आणि कचरा तिथेच राहायचा.

त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट लुळ्या माणसाची. चौघं जण त्याला उचलून येशूकडे आणतात, दारात गर्दी, म्हणून छप्पर उघडून वरून खाली सोडतात, येशू त्यांचा विश्वास पाहतो आणि तो लुळा बरा होऊन चालत जातो. या गोष्टीवर चौकीदार तीन रविवार बोलला. चौथ्या रविवारी म्हणाला, ते छप्पर परत कोणी शाकारलं ते लिहिलेलं नाही, पण त्या चौघांनीच शाकारलं असणार, नाहीतर तो विश्वास कसला! मी चौथी शिकलेली, पण जे लिहिलेलंच नाही ते वाचणारा माणूस मी तेवढाच पाहिला.

तर त्या कड्यावर माझं डोकं बांबूच्या मागच्या टोकाला, आणि मागच्या टोकाला हा. आयुष्यात पहिल्यांदा तो बोलत होता आणि मला उलट बोलता येत नव्हतं. सापापेक्षा त्याचाच ताप जास्त झाला.

"आजारी माणूसना विश्वास नई, मावशी. ज्यास्नी उचलं, त्यास्ना!"

पुढचा गडी ओरडला, "मी ते आमनी देवी याहामोगीले मानस. मन्हा विश्वास कसा मोजशी?"

"बांबू खांदावर शे ना? मंग व्हयनं!"

त्या गड्याच्या शेजारी शाळेचे गणिताचे सर होते. ते धापा टाकत म्हणाले, "मी तर काहीच मानत नाही हो."

"सर, तुमनी बाजू खाले जाई ऱ्हायनी. जरासा विश्वास वर धरा."

मला हसू आलं, पण तोंड हलेना. डोळे मिटले की हा कानात ओरडायचा, "मावशी, झोपू नको, अजून अर्थ बाकी शे!" पुढे तो सगळ्यांना सांगत फिरला की मावशीला जागं ठेवायला बोलत होतो. खोटं. त्याला बोलायला आवडायचं म्हणून बोलत होता.

तळोद्याला दवाखान्यात इंजेक्शनं दिली, घशात नळी घातली. जीभ सुटली तेव्हा तो खाटेच्या पायथ्याशी बसला होता. मी म्हटलं, "तुन्हा अर्थ चुकना. डॉक्टर मोजाच नई तू."

त्याने बोटांवर मोजलं. मग म्हणाला, "बरोबर शे. पाच जन."

तेव्हा मी त्याचा सदरा पाहिला. खांद्याला फाटलेला, आत कातडी सोललेली. सरांनी मला मागून सांगितलं की वाटेत सगळ्यांनी जागा बदलल्या, हा बदलेना. पुढे गेलो तर मावशीला ऐकू येणार नाही म्हणाला.

त्याच वर्षी त्याची दुसऱ्या शाळेवर बदली झाली. महूखाली आता कोणी बसत नाही. मी कधीतरी बसते, आणि त्याने काय अर्थ काढला असता ते काढून पाहते. माझ्याच्याने निघत नाही. लोक विचारतात, कोणाच्या विश्वासाने वाचलीस? मला माहीत नाही. झोळीत मी होते. मी वाचले.