ठमाबाईचा परदेश दौरा

माझ्या थोरल्या दिरांच्या, सावळीरामांच्या, बैठकीत भिंतभर जग टांगलंय. पॅरिसचा लोखंडी मनोरा, स्वित्झर्लंडचं निळंशार तळं, आफ्रिकेतला तो माथा कापल्यासारखा सपाट डोंगर. आणि प्रत्येक फोटोत मधोमध दीर, कमरेवर हात ठेवून, जसा काही डोंगर यांनीच रचला. पाहुणा आला की दीर सांगत सुटतात. मी चहा ठेवते आणि मुकाट्यानं परत फिरते, कारण तोंड उघडलं तर चारचौघांत शोभा व्हायची.

राग कशाचा, ते सांगते. ते दौरे होते द्राक्षबागा बघायला. आणि बाग होती माझ्या जाऊबाईची, ठमाक्काची.

कागदावर नव्हे. कागदावर चारही एकर दिरांचे. पण आमच्या दिंडोरीकडच्या गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल, बाग कोण बघतं ते. ठमाक्काचं माहेर मखमलाबादचं, गुलाब लावणाऱ्यांचं. लग्नाआधीपासून हातात कात्री. ऑक्टोबरची छाटणी आली की काडी बोटांत फिरवून ती सांगायची, घड कितव्या डोळ्यातून, म्हणजे काडीवरच्या कितव्या कोंबातून, निघणार. कापताना तो डोळा गेला, की वर्षभर नुसता पाला बघायचा. तिनं राखलेला डोळा फुकट गेलेला मी पाहिला नाही. दीर तेव्हा कुठं? दिंडोरीच्या चौकात, पेपर वाचत.

पंचाण्णव साली गावच्या द्राक्षमंडळानं पहिला परदेश दौरा काढला, युरोपचा. ठमाक्का हरखून गेली. तिला आयुष्यात एकच बघायचं होतं: परमुलखातली बाग. ते लोक काडी कुठं कापतात, एवढंच. पण मंडळाचे अध्यक्ष धोंडीराम म्हणाले, सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो शेतकरी, तोच जाणार. झालं, दीर गेले. पंधरा दिवसांनी परतले तेव्हा ठमाक्कानं बॅग उचलायच्या आधी विचारलं, किती डोळ्यांवर छाटतात तिकडं? म्हणाले, बस थांबली होती बागेपाशी, पण थंडी लय होती, मी काय उतरलो नाय.

थंडी म्हणे! पहाटे दवात बाग फवारणाऱ्या बाईला हे सांगायचं.

अठ्ठ्याण्णवला परत तेच. यावेळी दक्षिण आफ्रिका. आल्यावर मंडळानं सोसायटीच्या हॉलात दिरांचं भाषण ठेवलं, पडद्यावर फोटो दाखवायचे. आम्ही दोघी चहाच्या पातेल्यापाशी. समुद्र झाला, पेंग्विन झाले, तो सपाट डोंगर झाला. मग एका फोटोत, दिरांच्या खांद्यामागं, बाग दिसली. ठमाक्का हातातली गाळणी तशीच घेऊन पुढं गेली, पार पडद्यापर्यंत.

"जरा बाजूला झाला असता, तर बाग दिसली असती," ती म्हणाली.

पुरुष हसले. ती हलली नाही. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी गुलाबाचं झाड होतं, त्यावर तिनं बोट ठेवलं आणि हे कशाला म्हणून विचारलं. दीर म्हणाले, शोभेला. ती म्हणाली, शोभेला नाही, भुरीचा रोग आधी गुलाबावर दिसतो, मग वेलीवर. आमच्या माहेरी ठाऊक आहे. यांचा हा पहारेकरी आहे. धोंडीराम म्हणाले, वहिनी, चहा थंड होतोय.

तिच्या बाजूनं बोलायला मीसुद्धा पुढं गेले नाही. त्याचा राग अजून आहे, आणि तो माझा माझ्यावर.

महिनाभरानं दिंडोरीच्या मेळाव्यात दिरांनी गुलाबाची गोष्ट सांगितली. म्हणाले, मी तिथल्या गोऱ्या शेतकऱ्याला खोदून खोदून विचारलं! टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्री जेवायला वाढताना ठमाक्कानं सरळ मागितलं: एक एकर माझ्या नावावर करा, पुढच्या दौऱ्याला मी जाते. दीर हो म्हणाले.

हो म्हणाले, आणि दोन वर्षं टोलवत राहिले. मग तलाठ्याकडे जाऊन एकर केला भारतच्या नावावर. भारत या दोघांचा मुलगा, नाशकात द्वारका चौकापाशी खोली घेऊन कॉलेज करणारा. बागेत यायचा तो फक्त घड तोडून खायला. दोन हजार एकला तो चिलीला गेला आणि बर्फाच्या डोंगरांचे फोटो घेऊन आला. दीर म्हणाले, बाईमाणूस विमानात एकटी कुठं जाणार?

पुढच्या वर्षी, इटलीच्या दौऱ्याची यादी लागायच्या आधी, सप्टेंबर संपता संपता ठमाक्कानं कात्री डब्यात घातली आणि डबा शेजारी माझ्या घरी आणून ठेवला. दिरांना वाटलं, दोन दिवसांचा रुसवा. चौथ्या दिवशी त्यांनी पेठकडची छाटणीची टोळी आणली. मुकादमानं विचारलं, शेठ, कितव्या डोळ्यावर कापायचं? दीर भारतकडे बघतात, भारत दिरांकडे. अंदाजानं छाटून नंतर बोलणी कोण खाणार म्हणून टोळी दुसऱ्या बागेला निघून गेली. शेजारच्या बागा छाटून फुटायला लागल्या, आमची जुन्या पानांनिशी तशीच उभी. गाव बांधावर येऊन बघून जायचं.

दहाव्या दिवशी दीर तलाठ्याकडे गेले. आले ते म्हणाले, एकर तुझ्या नावावर करायचा अर्ज दिला, आता तरी चल. ती म्हणाली, नोंद मंजूर होऊ द्या. हरकतीच्या नोटिशीचे पंधरा दिवस ती शांतपणे घरात बसली. मला झोप नव्हती, तिला छान लागायची.

ऑक्टोबरच्या अखेरीस तिच्या नावाचा सातबारा आला. आधी तिनं दौऱ्याचा फॉर्म भरला, धोंडीरामांच्या हातात दिला, यादीत नाव चढलेलं डोळ्यांनी बघितलं. मग डबा मागून घेतला. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचा एकर छाटून झाला, आणि पदराला हात पुसत ती घराकडं निघाली. बांधावर दीर आणि भारत उभे होते.

"आणि बाकीचं?" दिरांनी विचारलं.

"तुमच्या नावाचं आहे," ठमाक्का म्हणाली. "तुम्ही जग बघून आलाय. छाटा."