गच्चीवरची बरणी

घासलेल्या बरणीला लिंबाच्या साबणाचा वास आला, की मला रायपूरच्या आमच्या घराची गच्ची आठवते. मी तेव्हा पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि प्रकल्पासाठी विद्यापीठातून आणलेली रुंद तोंडाची एक बरणी भर एप्रिलात महिनाभर गच्चीवर ठेवली होती. हवेतून पडणारी धूळ तिच्यात साचू द्यायची आणि शेवटी तिचं वजन करायचं, एवढंच काम होतं. धुळीला आमच्याकडे तोटा नव्हता. सकाळी झाडलेल्या गच्चीवर दुपारी अनवाणी गेलं तरी तळवे काळे व्हायचे. शेवटच्या दिवशी वर गेले, तर बरणी लख्ख धुऊन पालथी घातलेली! मी आईवर ओरडले. "काहून चिल्लावून राहिली? म्या हात बी नाही लावला तिले," ती म्हणाली. तेवढ्यात जवळच्याच कारखान्यातून कामावरून आलेले बाबा, बूट न काढताच, हळू आवाजात म्हणाले, "मी धुतली. तुह्या रिपोर्टात आमच्या प्लांटचं नाव येईन, मंग मले ठेवतीन काय ते?" बरणीवरच्या चिठ्ठीत फक्त आमच्या पाऱ्याचं, म्हणजे मोहल्ल्याचं, नाव होतं, पण तेवढ्यावरूनही वाचणाऱ्याला सगळं कळलंच असतं. मी प्रकल्पात लिहिलं, 'पावसामुळे नमुना वाया गेला.' त्या महिन्यात थेंबभरही पाऊस पडला नव्हता, हे आमच्या सरांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. आता असे प्रकल्प मी तपासते. एखादी मुलगी भर उन्हाळ्यातला पाऊस लिहून आणते, तेव्हा तिचे वडील कुठे कामाला आहेत, हे मी विचारत नाही. सही करते.