नापासची चौकट

"इथून दिसतंय का गं?" असं म्हणत ताई खुर्चीतून उठायच्या, दहा पावलं मागे जायच्या आणि डोळे बारीक करून स्वतःच्याच स्क्रीनकडे बघायच्या.

इथे गुजरातेत, मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात गॅसचे व्हॉल्व्ह बनतात. प्रत्येकात हवा भरून तो गळतो का ते तपासायचं आणि निकाल कॉम्प्युटरवर दाखवायचा. तो प्रोग्राम ताईंचा. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर.

आधी टर्मिनलच्या काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी नुसत्या धावायच्या. ताईंनी पायथनची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरून त्याच खिडकीत रंग आणले. पास हिरवा, नापास लाल. मी म्हटलं, "ताई, आता एखादा छान डॅशबोर्ड करा ना."

"बराबर चालतं ना हे? मग बस."

एकदा टेस्टिंगवरच्या काकांनी गळका व्हॉल्व्ह चांगल्यांच्या ट्रेमध्ये ठेवला. वेळीच सापडला म्हणून बरं. दुपारी ते ताईंच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "बेन, मने लाल ने लीलुं सरखुंज देखाय छे. साहेबने ना कहेता."

लाल आणि हिरवा त्यांना एकसारखेच दिसत. इतकी वर्षं नोकरीच्या भीतीने त्यांनी ते लपवलं होतं.

"काका, भूल मारी छे," चूक स्वतःवर घेत ताई म्हणाल्या. "कोईने नहीं कहुं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तूही नाही सांगायचं."

त्यांनी नापासच्या ओळीभोवती जाड दुहेरी चौकट घातली आणि आत ठळक गुजराती अक्षरं. अक्षराला काना आला की रुंदीचं गणित चुकून चौकटीची उजवी कड सरकायची. ती सरळ करायला ताई दोन दिवस त्या लायब्ररीशी भांडल्या. काकांच्या हातून पुन्हा चूक झाली नाही.

मग मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार असं ठरलं. साहेब आले. "ती चौकट काढा. लांबून डोळ्यात खुपते. लाल अक्षरं सगळ्यांना दिसतातच की."

ताईंनी काकांचं नावही काढलं नाही. "व्हॉल्व्ह गळायचे थांबवा, साहेब. चौकट आपोआप जाईल."

"मी विनंती करत नाहीये."

"मीसुद्धा नाही."

मी मान खाली घालून टाइप करत राहिले.

पाहुण्यांसमोर स्क्रीनवर चौकट आलीच. त्यांनी काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा काकांनी तो गळका व्हॉल्व्ह उचलून बाजूला ठेवला. "नापास छे. आ नहीं जाय." पाहुणे मान डोलावून पुढे गेले. ऑर्डरही मिळाली. पण ताईंचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं गेलं नाही. डबा पिशवीत घालून त्या गोत्रीच्या बसला गेल्या, तेव्हा निरोपाचा चहासुद्धा झाला नाही.

दुसऱ्याच सोमवारी साहेब मला म्हणाले, "ती चौकट काढून टाक. पाच मिनिटांचं काम आहे."

मी फाइल उघडली. काचेपलीकडे काका मशीनशी वाकून उभे होते. शेजारची खुर्ची रिकामी होती. मी फाइल बंद केली, उठले आणि साहेबांच्या केबिनचं दार ढकललं.

"सर, मी ती काढणार नाही."